पंचेचाळीस किलोचा हिवाळा

सुगंधा. वय तेरा पूर्ण. राहणार बाळकुम, कोळीवाडा. एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी सालच्या डिसेंबरातला तिसरा रविवार, सकाळी साधारण दहा वाजता, कल्याणमधल्या एका शाळेच्या मैदानावर, कबड्डीच्या चालू सामन्यात तिच्यावर अन्याय झाला. खरं तर तो त्याआधी तीन दिवस चालू होता, बाळकुममध्ये, आमच्या मंडळाच्या मैदानावर, सगळ्यांच्या देखत. करणारे आमचे सर होते, बघणारं सगळं मंडळ होतं, आणि मदत करणाऱ्यांत मी होते. हे आधी लिहून ठेवते. कारण तो हिवाळा आठवायला लागले की मला त्याचं धुकंच आवडायला लागतं आणि मुद्दा राहून जातो.

आकाशकंदील उतरले, फराळाच्या डब्यांत तळाशी नुसता चुरा उरला, की ठाण्यात कबड्डीचा मोसम सुरू होतो. हे कुठल्या कॅलेंडरवर छापलेलं नसतं. पण संध्याकाळी साडेपाचला उन्हाचा रंग पिकल्या केळीसारखा होतो, कुठल्यातरी मोकळ्या जागेत कोणीतरी फक्कीने रेषा मारत असतं, आणि लांबून तो आवाज येतो. शब्द ओळखू येत नाहीत. एका दमात ओढलेली, अडकलेल्या भुंग्यासारखी एक गुणगुण फक्त. परवा माजिवड्याच्या नाक्यावर बसची वाट बघत उभी होते, तर हायवेवरच्या दोन ट्रकांच्या मधल्या फटीतून ती ऐकू आली. मी बस सोडून दिली. दहा वर्षं झाली, तरी त्या आवाजाने माझ्या पायांच्या पोटऱ्या आपोआप ताठ होतात.

त्या वर्षी मी रोज वर्तकनगरहून बाळकुमला जायचे. आमच्या कॉलनीत मुलींसाठी मंडळ नव्हतं. क्रिकेट होतं, तेही मुलग्यांचं, आणि आम्ही गॅलरीतून चेंडू परत फेकायचो. म्हणून माजिवड्यापर्यंत बस, तिथून पुढे चालत. आता त्या वाटेवर इमारती उभ्या राहतायत, तेव्हा दोन्ही बाजूंना भाताची कापलेली शेतं असायची, आणि शेतं संपली की खाडीकाठचं दलदलीचं खाजण. खाडीवरून धुकं उठायचं ते आधी गुडघ्यापर्यंत यायचं, मग कंबरेपर्यंत. त्यातून चालताना आपल्याला पाय नाहीतच असं वाटायचं. वाळत टाकलेल्या मासळीचा वास यायचा. पहिले चार दिवस मी नाकाला रुमाल लावला. पाचव्या दिवशी सुगंधाने तो ओढून घेतला आणि म्हणाली, "काय गो, कॉलनीवाली, वास येतो तुला? मग जेवताना कसा नाय येत?"

अशी आमची ओळख झाली.

ती माझ्याच वयाची, पण हाडापेराने रुंद. घरची होडी किनाऱ्याला ओढायला ती सातव्या वर्षापासून जायची, त्याचं बळ तिच्या खांद्यांत उतरलं होतं. चढाईला निघाली की समोरच्या पोरी आधीच अर्धं पाऊल मागे घ्यायच्या. पाण्यात हात घालून मासा धरावा तसा तिचा हात जायचा आणि यायचा. कोणाला लागला ते पंचालाही नंतर कळायचं. आणि दम! मध्यरेषा ओलांडताना सुरू झालेला तिचा आवाज परत येईपर्यंत एकदाही हलायचा नाही. कबड्डीत हा आवाजच सगळं असतो. तो तुटला की खेळाडू बाद. हात लागो न लागो, पकडली जावो न जावो. दम तुटला, संपलं.

सर एका कारखान्यात होते. पहिल्या पाळीला जाऊन तीनला सुटायचे, घरी न जाता सायकलवरून थेट मैदानात. त्यांना कोणी पैसे देत नव्हतं. आमच्या गुडघ्यांच्या पट्ट्या त्यांनी स्वतःच्या खिशातून आणल्या होत्या. मैदानाची माती ते स्वतः चाळायचे, खडा दिसला तर उचलून खिशात टाकायचे. घरी जाताना त्यांचा खिसा खड्यांनी लोंबायचा. आमच्या आया त्यांना हात जोडायच्या. मला आजही त्यांचा पुरता राग येत नाही, आणि या सगळ्या प्रकरणात सगळ्यात अवघड गोष्ट ती आहे. वाईट माणूस असता तर कोणीतरी ओरडलं असतं.

मैदान तयार करायची वेळ मला फार आवडायची. सूर्य खाडीपलीकडे कलायचा, सर झारीने माती शिंपत जायचे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पाठीमागे बगळ्यासारखे एकेक पाऊल टाकत. गरम मातीतून वाफेसारखा वास उठायचा. आम्ही सगळ्या काठावर बसून तो छातीत भरून घ्यायचो. शेवटच्या तीन दिवसांतही ते रोज मैदान शिंपत होते. दोन-दोन घागरी. आमच्या डोळ्यांसमोर माती ते पिऊन टाकायची. माझ्या शेजारी बसलेली सुगंधा ओठावरून जीभ फिरवत म्हणाली, "ग्राउंडचं वजन करत नाहीत ना. मजाय त्याची."

वजनाचं सांगायचं राहिलं. कल्याणची ती जिल्हा निवडीची स्पर्धा वजनी गटांची होती. आमच्या मंडळाने पंचेचाळीस किलोच्या गटात संघ पाठवायचं ठरवलं होतं, कारण बहुतेक पोरी चाळीस किलोच्या आसपासच्या. सुगंधा सत्तेचाळीस होती. वरच्या गटात ती ऐटीत खेळली असती, पण वरच्या गटात आमचा संघच नव्हता. आणि तिच्याशिवाय हा संघ म्हणजे काय, ते सरांना ठाऊक होतं. मग काय करायचं? सगळी मंडळं जे करायची तेच. वजन उतरवायचं.

रेशन दुकानातला गोण्या तोलायचा काटा रोज संध्याकाळी मंडळाच्या ओसरीवर यायचा. सुगंधा त्यावर उभी राहायची. गुरुवारी सरांनी तिला प्लॅस्टिकचा रेनकोट घालायला दिला, डिसेंबरात, कोरड्या आभाळाखाली, आणि मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. जेवण बंद. पाणी बंद. चिंच चघळायची आणि थुंकायचं, म्हणजे तोंडाला सुटलेलं पाणीही बाहेर. आम्ही बाकीच्या पोरी हसत होतो, त्यात पैज लावत होतो, कोणाची थुंकी लांब जाते. तीही हसत होती. रेनकोटातून चर्र चर्र आवाज करत पळायची आणि आमच्यासमोरून जाताना ओरडायची, "पाऊस आला रे, पाऊस!"

"एक लिटर पाणी म्हणजे एक किलो," सर समजावून सांगायचे. "विज्ञान आहे हे. मी माझ्या मनाचं नाही सांगत."

"सर," सुगंधा म्हणाली, "मग मासळी रोज पाण्यात राहते, ती जड होऊन बुडत कशी नाय?"

सगळ्या खो खो हसल्या. सरही हसले. म्हणाले, "मासळीला जिल्ह्याच्या संघात जायचं नसतं, बाय."

शुक्रवारी तिची आई आली. बाजारातून थेट, डोक्यावर रिकामी टोपली. मैदानाच्या कडेला उभी राहून तिने दोन फेऱ्या बघितल्या. मग टोपली खाली ठेवली आणि सरांना म्हणाली, "मास्तर, माझी पोर काय सुकट हाय? उन्हात काय टाकलीत तिला?"

कोणी हसलं नाही. सर तिच्याजवळ गेले, खाली वाकून बोलल्यासारखे हळू बोलले. जिल्ह्याचा संघ, मग राज्याचा, मग खेळाडूंच्या कोट्यातून बँकेत नाहीतर रेल्वेत नोकरी. "हिच्या डोक्यावर टोपली येऊ नये असं वाटतं ना तुम्हाला, ताई? मग दोन दिवस कळ काढा." तिच्या आईने टोपलीकडे बघितलं. नंतर लेकीकडे. मग टोपली उचलून गेली. ती वाट खाजणाच्या कडेने जाते, आणि त्या संध्याकाळी धुकं लवकर आलेलं. टोपली तेवढी बराच वेळ दिसत होती, धुक्यावर तरंगत. आई खाली नव्हतीच जणू.

मी हे इतकं सुंदर करून का सांगतेय? कारण मला ते सुंदरच दिसलं होतं. तेरा वर्षांच्या मुलीला त्याग म्हणजे काय ते कोणीतरी पहिल्यांदा दाखवत होतं, आणि तिला तो भव्य वाटत होता. पोरांकडून असं काही करून घेणं सोपं असतं ते याच्यासाठी. त्यांना धमकी द्यावी लागत नाही. त्यांना निवडलं की पुरतं.

मलाही निवडलं होतं. मी राखीव खेळाडू, वजन अडतीस, मला पाण्याची बंदी नव्हती. सरांनी माझ्यावर माठ सोपवला. "तू शिस्तीची आहेस. इथे बस. ज्यांचं वजन जास्त आहे त्यांना थेंब द्यायचा नाही. कोणी मागितलं तर मला सांगायचं." त्या ओसरीवर, माठाशेजारी, गुडघे जवळ घेऊन मी बसले, तेव्हा इतकं महत्त्वाचं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी सुगंधा आली. पाणी मागितलं नाही. नुसती शेजारी येऊन बसली. तिच्या अंगाला उष्ण वास येत होता, तापल्या तव्यासारखा. मग तिने हात लांब केला आणि माठाच्या बाहेरच्या ओल्या अंगावरून बोट फिरवलं. वरपासून खाली, सावकाश, कोणी मांजराला कुरवाळावं तसं. आणि ते बोट तोंडात घातलं.

मी म्हणाले, "सुगंधा, सरांना सांगेन हं."

"बाहेरचं हाय ते," ती म्हणाली. "माठाचा घाम हाय. तोपण मोजतेस?"

मी म्हणाले, "हो."

तिने बोट काढलं, फ्रॉकला पुसलं, आणि माझ्या डोक्यावर टपली मारून उठून गेली. रागावली नव्हती. तिला मी बरोबरच वाटले असेन.

रविवारी टेम्पोतून निघालो, कशेळीचा पूल, भिवंडी, मग कल्याण. पुलावर खाली पाणी होतं आणि ती खाली वाकून बघत होती, बघतच होती. शाळेच्या एका वर्गात वजनं चालली होती. बाकं भिंतीला लावलेली, फळ्यावर शनिवारची गणितं तशीच. रांगेत डोंबिवलीच्या संघाच्या पोरीही होत्या. त्यांच्यातल्या एकीचे ओठ भाजल्या पापडासारखे पांढरे, सालं निघालेली. तिने सुगंधाकडे बघितलं, सुगंधाने तिच्याकडे. दोघी ओळखीचं हसल्या. टेबलाशी एक बाई आणि दोन गृहस्थ बसले होते. काट्यावरचा आकडा वाचायचा, वहीत लिहायचा, पुढची. एवढ्या पांढऱ्या ओठांच्या पोरी एकामागून एक समोर आल्या, पण कोणी मान वर केली नाही. सुगंधा पंचेचाळीसच्या आत, पाव किलोने. सरांनी मूठ आवळली. मी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर तिला अर्धी मोसंबी, पेलाभर ग्लुकोज. सामना वीस मिनिटांत सुरू. पहिल्या दोन चढायांत तिने तीन पोरी बाद केल्या. तिसऱ्या चढाईला ती निघाली, मध्यरेषा ओलांडली, आणि आवाज आला तो कापड फाटल्यासारखा. जीभ टाळूला चिकटली होती. सर काठावरून ओरडले, "दम! दम सोडू नकोस!" ती समोरच्या अंगणात उभी होती, हात पुढे केलेले, तोंड हलत होतं. आवाज नव्हता. समोरच्या पोरी धरायला पुढे आल्या नाहीत. त्याही बघत राहिल्या. उन्हं कोवळी होती. मग पंचाने शिट्टी वाजवली, हात वर केला. दम तुटला, बाद.

पडायच्या आधी ती बाद झाली होती. नियमाप्रमाणे.

रिक्षातून हॉस्पिटल. तीन आठवडे. अंगातलं पाणी संपलं होतं, मूत्रपिंडांवर आलं, असं डॉक्टरांनी तिच्या आईला सांगितलं. त्या रविवारी आमचा संघ जिंकला, ढाल आली, तिच्याशिवाय फोटो काढला. सर रोज शहाळं घेऊन तिला बघायला जायचे. वाटेत कोणी विचारलं तर म्हणायचे, "पोर अंगाने नाजूक निघाली." नाजूक! होड्या ओढणारी सुगंधा!

आणि मग मंडळाने एक पत्र घेतलं. कोणी तक्रार केली तर हाताशी असावं म्हणून. 'आम्हांस जेवण अथवा पाणी न घेण्याची कोणतीही सक्ती नव्हती.' खाली सगळ्या मुलींच्या सह्या. मजकूर सेक्रेटरींनी सांगितला. लिहिला मी. माझं अक्षर चांगलं होतं. पुढे मी बरीच पत्रकं लिहिली, गिरणी कामगारांसाठी, पाण्याच्या मोर्चासाठी, हुंड्याविरुद्ध. पण लोकांपुढे ठेवायला म्हणून लिहिलेला माझा पहिला मजकूर तो होता, आणि तो खोटा होता. हे मी इथे छापून देतेय. सक्ती होती. मी पाहिली. मी राबवली. ते पत्र अजून मंडळाच्या कपाटात असेल तर त्याला हा लेख टाचून ठेवावा.

सुगंधा पुन्हा खेळली नाही. आता ती तेवीस वर्षांची आहे. बाजारात आईच्या शेजारी बसते, पण टोपली उचलू शकत नाही. कंबर धरते, पाय सुजतात. टोपली आईच उचलते. म्हणजे पोरीच्या डोक्यावर टोपली येऊ नये हे तेवढं खरं झालं.

परवा बस सोडून मी गुणगुणीच्या दिशेने चालत गेले. मैदान निम्मं झालंय, बाकीच्यात इमारतीचा पाया खणलाय. धुकं मात्र आलं होतं. खड्ड्यांतून उभ्या सळयांवर ते अडकून राहिलेलं, कापसासारखं. तिथे सुगंधा बसलेली, विटांच्या ढिगावर, शाल घेऊन. मैदानात तिची धाकटी बहीण रेश्मा चढाई करत होती. चौदा वर्षांची. तेच खांदे.

"तू खेळायला पाठवलंस हिला?" मी म्हणाले. माझा आवाज चढला असणार.

"का नाय पाठवू? खेळानं काय वाकडं केलं माझं?" तिने डोळे रेश्मावरून काढले नाहीत. "बघ ना कशी जाते. बघ, बघ... गेली! माझ्यापेक्षा बरी हाय. पण दीड किलो जास्त हाय. आठ दिवस राह्यलेत."

मी सरांकडे गेले. केस पांढरे झालेत, खड्यांनी लोंबणारा खिसा तोच. मला बघून त्यांना मनापासून आनंद झाला. चहा मागवला. सुगंधाचं नाव काढल्यावर डोळे भरून आले त्यांचे, खोटं नव्हतं ते. म्हणाले, "रात्री झोप नाही लागली मला कित्येक दिवस. तेव्हापासून रेनकोट बंद केला मी. एकदम बंद."

"मग आता काय करता, सर?"

"स्वेटर," ते म्हणाले.

मी चहा तसाच ठेवला. रेश्माला वरच्या गटात खेळवा, मी म्हणाले. वरच्या गटात संघ नाही, सर म्हणाले. मग यंदा उतरवू नका तिला, मी म्हणाले. "अगं, मी कोण नको म्हणणारा? तीच तयार आहे, विचार तिला." मी रेश्माला विचारलं. ती म्हणाली, "मला चालतं, ताई. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे." आणि हसली. अगदी तशीच.

निघताना सुगंधा माझ्याबरोबर वाटेपर्यंत आली. सावकाश. "आईला आन मला वजनाच्या खोलीत नाय घेणार. मंडळाची मान्सं नायत आमी, बोलतात. तू ये रविवारी. तू लिहितेस-बिहितेस, तुला घाबरतील." मग शाल सावरत, "त्या टायमाला तू बरोबर कडक होतीस. या टायमालापण हो ना कडक. जरा वेगल्या बाजूनं."

मी जाणार आहे. रविवारी सकाळी त्या खोलीत काट्याशेजारी उभी राहणार आहे, मला बाहेर काढेपर्यंत, आणि काढलं तर दारात. पण मी एका खोलीत असेन. त्याच सकाळी ठाण्यात, कल्याणात, डोंबिवलीत किती शाळांच्या किती वर्गांत बाकं भिंतीला लावलेली असतील? तिथे पुन्हा टेबलाशी कोणीतरी बसलेलं असेल, आकडा वाचून लिहिणारं. तिथे सगळे भले लोक असतील. कोणी पोरीवर हात उगारणार नाही, कोणी आवाज चढवणार नाही. तिला कौतुकाने पाठीवर थोपटतील आणि काट्यावर चढवतील. आणि माझ्यासारखी एखादी शिस्तीची पोर अभिमानाने पहारा देत असेल.

म्हणून तुम्हाला सांगतेय. विनंती नाही करत. तुमच्या गल्लीत, वाडीत, कॉलनीत मंडळ आहे. त्याला तुम्ही वर्गणी देता, ढाल आली की फटाके लावता. मुलगी तुमची नसेल, असायची गरज नाही. या रविवारी लवकर उठा आणि वजनाच्या खोलीत जा. मंडळाचे सभासद आहात का असं विचारतील, तर शेजारी आहे म्हणून सांगा आणि आत शिरा. काट्यावर उभ्या असलेल्या पोरीला सगळ्यांसमोर, मोठ्याने विचारा: शेवटचं कधी जेवलीस? पाणी कधी प्यायलीस? ती उत्तर देईल, कदाचित हसूनही देईल. ते उत्तर ऐकू नका. उत्तर द्यायच्या आधी ती कोणाकडे बघते ते बघा. तिने सरांकडे बघितलं, तर तिचा हात धरा आणि तिला काट्यावरून खाली उतरवा.